राखेची बारकाई

एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून निघणारे लोहखनिज हातात घेतले, तर ते काळसर करड्या रंगाचे, पोलादासारखी झाक असलेले दिसते. तोच दगड कुटून भुकटी केली की ती तांबडी होते. भिंतीला लावावयाच्या गेरूचा रंग ज्या द्रव्यामुळे येतो, तेच हे लोहाचे ऑक्साइड. द्रव्य बदलले नाही, वजन बदलले नाही. कण लहान झाले आणि रंग पालटला. वस्तूचे गुण ती कशाची आहे यावर जसे ठरतात, तसेच ती किती बारीक आहे यावरही ठरतात, हे आपल्या या वनप्रदेशात नुसत्या डोळ्यांनी पाहता येते.

व्यापाऱ्याच्या तराजूला ही बारकाई कळत नाही. एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्यावा. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे, तुकडे केले तर एकूण पृष्ठभाग ६ चौरस मीटर होतो. १० नॅनोमीटरचे केले, तर ६०० चौरस मीटर. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जांश. वजन तेच राहते; परंतु रासायनिक क्रिया पृष्ठभागावर घडत असल्याने जे ढेकळाच्या रूपात वर्षानुवर्षे निपचित पडून असते, तेच भुकटीच्या रूपात क्रियाशील होते. १ ते १०० नॅनोमीटरच्या कणांना नॅनोकण म्हणतात. नाव नवे असले तरी वस्तू जुनी आहे: दिव्यावर धरलेल्या काजळीचे मूळ कण याच मापाचे असतात.

चंद्रपूरकरांच्या घर-दुकानाशी या विषयाचा संबंध जोडला तो राखेने. येथील औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि पुढे केंद्राची क्षमता २९२० मेगावॅटपर्यंत गेली. आपल्याकडील कोळसा राखेचा. शंभर किलो जाळले तर तीस-चाळीस किलो राख उरते. हा कोळसा पिठासारखा दळून भट्टीत फवारला जातो. त्यातील मातीचा अंश प्रखर उष्णतेत वितळतो, त्याचे थेंब होतात आणि धुराबरोबर निवताना ते काचेच्या गोळ्या बनून गोठतात. सूक्ष्मदर्शकाखाली ही राख मोहरीच्या राशीसारखी दिसते. काही गोळ्या आतून पोकळ असतात. त्या राखेच्या तळ्यावर तरंगतात.

या काचपणातच राखेचे मोल आहे. नदीच्या वाळूतही सिलिका असते, पण ती स्फटिकरूप, म्हणून चुन्याला दाद देत नाही. राखेतील काचरूप, बारीक सिलिका मात्र सिमेंट भिजताना सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावते आणि त्यातून जो चिकट बंध तयार होतो, त्याचे कण अवघ्या काही नॅनोमीटरचे असतात. घराची भिंत शेवटी या नॅनोकणांच्या आधाराने उभी असते. चुनखडी गडचांदूर-आवारपूरच्या पट्ट्यात आणि राख ऊर्जानगरात, असा योग एकाच जिल्ह्यात जुळून आला आहे.

‘राख मिसळलेले सिमेंट कच्चे’ ही तक्रार गल्ल्यावर वारंवार ऐकू येते. ती योग्य नाही. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राखेला भारतीय मानकाचीच संमती आहे. ती भेसळ नव्हे. खरी गोष्ट एवढीच की राखेची क्रिया मंद गतीने चालते आणि तोवर तिला पाणी लागते. उष्ण व कोरड्या हवेत साध्या सिमेंटच्या कामाला १० दिवस, तर राखमिश्रित सिमेंटला १४ दिवस पाणी मारावे, असे मानक सांगते. चंद्रपूरच्या वैशाखात ही अट पाळली नाही, तर दोष राखेचा कसा? पिशवीबरोबर हे चार शब्द ग्राहकाला सांगणे विक्रेत्याला काही जड नाही.

राखेच्या विटेचेही तसेच. १४ सप्टेंबर १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने राखेचा वापर सक्तीचा केला, तो मुख्यतः शेतीची वरची माती विटभट्टीत जाऊ नये म्हणून. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांवर संपूर्ण राख वापरात आणण्याचे बंधन घातले. वीट घेताना ती चोवीस तास पाण्यात बुडवून तोलावी. सामान्य प्रतीच्या विटेचे वजन पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढता कामा नये.

बांधलेली राख अशी उपकारक आहे. मोकळी राख मात्र वेगळी. चिमणीपूर्वी विजेच्या बळावर कण खेचून घेणारी यंत्रणा ९९ टक्क्यांहून अधिक राख अडवते, पण जे निसटते त्यात अतिसूक्ष्म कणांचा वाटा मोठा असतो. दहा मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकात-घशात अडतात. अडीच मायक्रॉनच्या आतील कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात, आणि नॅनो मापाचे काही रक्तातही उतरू शकतात. सिमेंटमध्ये जो मोठा पृष्ठभाग कामी येतो, तोच तेथे अपाय करतो. अडीच मायक्रॉनच्या कणांची वार्षिक मर्यादा भारतीय मानकात घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती ५ सुचवली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या पाहणीत ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथे होते. हे भूषण कोणाला हवे असेल?

कारखान्यांची व्यवस्था शासनाने पाहावी. आपल्या गोदामाची आपण पाहावी. सिमेंटची पोती उतरवणारा हमाल आणि सायंकाळी कोरड्या झाडूने गोदाम झाडणारा मुलगा, या दोघांच्या श्वासात हीच भुकटी जाते. नाकावर बांधलेल्या पंचातून ती आरपार जाते. घट्ट बसणारा धूळरोधक मास्क हवा, आणि झाडण्यापूर्वी जमिनीवर पाण्याचा शिडकावा. स्थिर हवेत तीन मीटर उंचीवरून राखेचा दहा मायक्रॉनचा कण सात-आठ मिनिटांत खाली येतो. एक मायक्रॉनच्या कणाला तेच अंतर उतरण्यास दहा-अकरा तास लागतात. रात्री आठला झाडून कुलूप लावले, तर सकाळी सहाला दार उघडणाऱ्याच्या नाकासमोर तो अजून तरंगत असतो.