तेरा शतकं योहानाची, अकरा युसुफची

माझ्या मामाकडे क्रिकेटची एक जुनी वही आहे. धावफलक, कात्रणं, कुणाची किती शतकं, असं सगळं तिच्यात आहे. शेवटच्या पानावर एक यादी आहे आणि तिला मथळा दिलाय ‘आपले’. त्यात विजय हजारे, रॉजर बिन्नी, पाकिस्तानचे वॉलिस मथायस आणि अंताव डिसोझा अशी नावं आहेत. सगळ्यांत खाली युसुफ योहाना. हे शेवटचं नाव बॉलपेनने इतकं जोरात खोडलंय की कागद फाटायला आलाय.

मामाने ते 2005 च्या सप्टेंबरमध्ये खोडलं. त्या महिन्यात युसुफ योहानाने इस्लाम स्वीकारल्याचं जाहीर झालं आणि तो मोहम्मद युसुफ झाला. मी तेव्हा जेमतेम वर्षाची होते. त्याची फलंदाजी मी पुढे यूट्यूबवर पाहिली आणि मला ती फार आवडली. पण घरी नाव काढलं की मामा म्हणतो, ‘‘त्याचं कौतुक मला सांगू नको बघ. आपला पोरगा होता तो.’’ या ‘होता’शी माझं भांडण आहे. म्हणून हा लेख.

आधी माणूस कोण ते सांगते. जन्म 1974, लाहोरचा. घर ख्रिस्ती आणि गरीब. पाकिस्तानातले बहुसंख्य ख्रिस्ती पंजाबातले आहेत आणि त्यांतल्या कित्येकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या झाडू आणि गटारं आली. लहानपणी त्याला बॅट परवडत नव्हती. फळी हातात घेऊन तो टेनिसच्या चेंडूवर खेळायचा. पुढे शिंप्याच्या दुकानात कामाला होता. तिथून तो 1998 मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पहिली कसोटी खेळला. शेवटी हिशेब झाला तो असा : 90 कसोटी, 7530 धावा, सरासरी 52.29, शतकं 24. एकदिवसीय सामन्यांत आणखी 9720 धावा.

आकड्यांवरून त्याचा खेळ कळत नाही. बॅट तो खूप उंच उचलायचा. आता उशीर झाला, असं बघणाऱ्याला वाटायचं आणि मग ती चेंडूवर अलगद यायची. जोर लावल्यासारखं कधी दिसायचंच नाही. धाव घेताना मात्र घोळ घालायचा, हेही खरं.

त्या 24 शतकांपैकी 13 योहाना या नावाने झाली आणि 11 युसुफ या नावाने. आज कुठलाही विक्रमांचा तक्ता उघडा, चोवीसच्या चोवीस मोहम्मद युसुफच्या नावावर दिसतील. 2004 मध्ये मुलतानला आपल्या संघाविरुद्ध 112 काढणारा आणि शतक झाल्यावर छातीवर क्रुसाची खूण करणारा योहाना आता तक्त्यात कुठेच नाही. मामाने वहीतून त्याचं नाव खोडलं आणि तक्त्यांनी आपल्या पद्धतीने तेच केलं. मामाच्या रागातला एवढा भाग मला समजतो.

पण नावाकडे जरा नीट बघा. युसुफ म्हणजे आपला योसेफ आणि योहाना म्हणजे योहान. यातलं योसेफ हे नाव बायबलमध्येही आहे आणि कुराणातही. त्याने जे नाव ठेवलं ते दोन्ही घरांत चालणारं होतं.

आता त्याच्यावरच्या आरोपाकडे वळते. तो कप्तानपदासाठी बदलला, असं तेव्हा पुष्कळ जण म्हणाले आणि आमच्या घरी अजून म्हणतात. पण डिसेंबर 2004 मध्ये इंझमाम-उल-हक जखमी झाला तेव्हा मेलबर्नच्या कसोटीत पाकिस्तानचं नेतृत्व योहानानेच केलं होतं आणि त्या सामन्यात 111 धावाही काढल्या होत्या. पाकिस्तानचा कप्तान एक ख्रिस्ती माणूस झाला होता, तो ख्रिस्ती असतानाच. धर्म बदलल्यावर त्याला कायमचं कप्तानपद लगेच मिळालं म्हणावं, तर तसंही नाही. त्यासाठी 2009 उजाडावं लागलं.

दुसरी बाजूही तितकीच सोपी उत्तरं देते. 2006 मध्ये त्याने 11 कसोटींत 1788 धावा काढल्या. नऊ शतकं, सरासरी 99.33. व्हिव्हियन रिचर्ड्सचा 1976 सालचा 1710 धावांचा विक्रम मोडला आणि युसुफचा हा विक्रम अजून कुणी मोडलेला नाही. दाढी वाढवलेला युसुफ आता शतकानंतर खेळपट्टीवर सजदा करायचा. धर्म बदलला म्हणून धावा आल्या, असं त्याचे चाहते म्हणाले. तो स्वतःही आपल्या यशाचं श्रेय श्रद्धेलाच देत होता. त्याच्या मनाला तसं वाटत असेल तर त्यावर मी कोण बोलणार! पण तो हिशेब इतरांनी मांडला की मला एक विचारावंसं वाटतं. मग 2010 चं काय? त्या वर्षाच्या सुरुवातीला सिडनीला त्याच्या संघाने पहिल्या डावात 206 धावांची आघाडी घेऊनही सामना घालवला. मार्चमध्ये पाकिस्तानच्या क्रिकेट मंडळाने त्याच्यावर बंदी घातली. ऑगस्टमध्ये तो परतला आणि शेवटची कसोटी लॉर्ड्सवर खेळला, जिथे चार वर्षांपूर्वी त्याने 202 केल्या होत्या. हे दुर्दैव कुणी धर्माच्या खात्यावर टाकत नाही. मग 1788 धावा तरी का टाकायच्या? फळी घेऊन खेळणाऱ्या पोराची वीस-बावीस वर्षांची मेहनत दोन्ही बाजूंनी मिळून खाऊन टाकली, असं मला वाटतं.

मामाचा सगळ्यांत जड मुद्दा वेगळा आहे. तो म्हणतो, ‘‘तिथं ख्रिस्ती माणसाला दुसरा रस्ता असतो का गं?’’ हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. आसिया बीबी ही शेतात राबणारी कॅथलिक बाई. ईश्वरनिंदेच्या आरोपाखाली 2009 मध्ये पकडली गेली, फाशीची शिक्षा झाली आणि सुटायला 2018 उजाडलं. त्या कायद्याविरुद्ध बोलणारे मंत्री शाहबाज भट्टी, तेही कॅथलिक, 2011 च्या मार्चमध्ये गोळ्या घालून मारले गेले. अशा देशात ख्रिस्ती माणूस मुसलमान झाला की टाळ्या पडतात. उलट दिशेने जाणाऱ्याला जीव मुठीत धरून राहावं लागतं. दार एकाच बाजूला उघडत असेल तर त्यातून गेलेला प्रत्येक जण आपखुशीने गेला, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही.

पण म्हणून आपखुशीने गेलाच नाही, असंही म्हणता येत नाही. त्याच संघाच्या आधीच्या काळात वॉलिस मथायस होते. कराचीच्या गोवेकर कॅथलिक समाजातले, पाकिस्तानकडून कसोटी खेळलेले पहिले बिगरमुसलमान. 1955 ते 1962 या काळात 21 कसोटी खेळले. 1959 मध्ये ढाक्याला वेस्ट इंडीजविरुद्ध संघ कोसळला असताना त्यांनी 64 आणि 45 धावा काढल्या आणि पाकिस्तानने तो सामना 41 धावांनी जिंकला. अंताव डिसोझांचा तर जन्मच गोव्यातला, नागव्याचा. दोघेही ख्रिस्तीच राहिले. काळ वेगळा होता, कराचीतला तो समाज शिकलेला होता, हे मान्य. तरी मथायस राहिले ती श्रद्धा आणि युसुफ गेला तो व्यवहार, हे आपण कुठल्या तराजूत तोलून ठरवलं? दुसऱ्याच्या मनात डोकावायची सोय कुणालाच नाही.

इथे मला आपल्याच अभ्यासक्रमातलं एक पुस्तक आठवतं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. आपण ख्रिस्ती मंडळी त्याला धैर्य म्हणतो आणि ते होतंच. पण मागे राहिलेल्या लक्ष्मीबाईंचं काय झालं, तेही त्याच पुस्तकात आहे. त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या 1900 मध्ये. मधली पाच वर्षं आपला माणूस आपल्यातून गेला, हे दुःख त्यांनी सोसलं. 2005 मध्ये युसुफच्या आईनेही आपली नाराजी वर्तमानपत्रांपुढे उघड बोलून दाखवली होती. माझ्या दृष्टीने दोन्ही बायकांचं दुःख एकाच जातीचं आहे. मग टिळकांना धैर्य आणि युसुफला दगा, हे कसं? आपल्याकडे येणारा तेवढा विचार करून येतो आणि आपल्यातून जाणारा विकला जातो, असं कसं चालेल?

हा प्रश्न लाहोरपुरता नाही. डिसेंबर 2021 मध्ये आपल्या बेळगावातच, सुवर्ण विधानसौधात, कर्नाटक विधानसभेने धर्मांतराविषयीचं विधेयक मंजूर केलं. मी तेव्हा पीयूसीला होते. 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. ज्याला धर्म बदलायचाय त्याने आधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं, अशी त्यात अट होती. सरकार बदललं आणि 2023 मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. पण त्या डिसेंबरात मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात मोठी माणसं काय बोलत होती, ते मला पक्कं आठवतं. ‘‘श्रद्धा ज्याची त्याची, सरकारने मधे कशाला यायचं?’’ मामा त्यात सगळ्यांत मोठ्याने बोलत होता. त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. राज्यघटनेचं 25 वं कलमही तेच सांगतं.

मग मामा, ते युसुफला का लागू नाही? श्रद्धा ज्याची त्याची म्हणायचं तर ती आपल्यातून निघून जाणाऱ्याचीही. नाहीतर मग आपण मागत होतो तो हक्क नव्हता, फक्त आपल्या बाजूचा फायदा होता. आपण दोन टक्क्यांच्या आसपास असलेली माणसं. आपलं म्हणणं लोकांनी ऐकावं असं वाटत असेल, तर आपल्या वहीतली खोडाखोड आपणच आधी बघायला हवी. एखादा आपल्यातून गेला की दुखतं. दुखू दे. लक्ष्मीबाईंनाही दुखलं. पण दुःख झालं म्हणून समोरच्याला खोटा ठरवायचा अधिकार मिळत नाही.

हा लेख मी मासिकाला द्यायच्या आधी मामाला वाचून दाखवला. टिळकांपर्यंत तो गप्प होता. संपल्यावर म्हणाला, ‘‘तू लिहिलंस ते लिहिलंस. मी नाव परत लिहिणार नाही.’’ मी वही मागितली. त्याने दिली. खोडलेल्या नावापुढे मी 24 हा आकडा लिहिला. तो बघत होता. मग म्हणाला, ‘‘शतकं लिही हवी तर. ‘आपला’ मात्र लिहू नको.’’

मला ते चालेल. खरं तर त्या पानाचा मथळाच मला नकोय. हजारे, बिन्नी, मथायस, डिसोझा, सगळ्यांपुढे धावा आणि बळी तेवढे लिहावेत आणि ‘आपले’ हा शब्द काढून टाकावा. मामा अजून तयार नाही. पण वही त्याने परत मागितलेली नाही.