कॅल्क्युलसची पंगत

गणिताला जात नसते म्हणे. दोन आणि दोन चार. बामणाच्या पोराचेही चार, म्हाराच्या पोराचेही चार. मग आमची पोरं पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये का गचकतात? उत्तर तयार आहे : मेरिट नाही. कोट्यातले. सरकारचे जावई. पुरावा मागा, साले एक देत नाहीत. वर्गात सिद्धतेशिवाय एक ओळ पुढं जाऊ न देणारे हे लोक आमच्याबद्दलचं प्रमेय मात्र सिद्धतेशिवाय पास करतात.

दोस्तहो, हे प्रमेय एकदा तपासलं गेलंय. इथं नाही, अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या विद्यापीठात. बर्कलीला लागूनच ओकलंड. तिथं १९६६ साली ब्लॅक पँथर जन्मले आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथरनं नाव उचललं ते त्यांचंच. तेव्हा ही गोष्ट परक्याची समजू नका.

सत्तरीच्या दशकात तिथं पहिल्या सत्राचं कॅल्क्युलस पूर्ण करणाऱ्या काळ्या विद्यार्थ्यांपैकी साठ टक्के डी किंवा एफ घेऊन बाहेर पडत. उरी ट्राइसमन नावाच्या संशोधक विद्यार्थ्यानं प्राध्यापकांना विचारलं, असं का? प्राध्यापक म्हणाले, त्यांच्यात जिद्द नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठिंबा नाही, गरिबी आहे. वाचताना हसू येतं ना? सगळी उत्तरं आपल्या ओळखीची. ट्राइसमननं वीस काळी आणि वीस चिनी वंशाची पोरं निवडली आणि ती अभ्यास कसा करतात ते त्यांच्यात मिसळून महिनोन्‌महिने पाहिलं. चारही उत्तरं खोटी निघाली. काळी पोरं आपापल्या शाळेतली हुशार पोरं होती. आईबापांनी त्यांच्या शिक्षणासाठी जीव टाकला होता. सांगितलं होतं तसा आठवड्याला आठ तास अभ्यास ती इमानानं करत होती. पण एकटी. वीसपैकी अठराजण वर्गातल्या कुणाहीबरोबर कधीच अभ्यासाला बसले नव्हते.

चिनी पोरंही आधी एकटी बसत. मग संध्याकाळी जमत, एकमेकांची वही तपासत, भांडत. आठवड्याला चौदा तास. ज्याचं उत्तर चुकलं त्याला तिथल्या तिथं कळे. काळ्या पोराला ते परीक्षेनंतर कळे, आणि तो समजे की दोष आपल्या डोक्यात आहे.

आता कॅल्क्युलसच्या पोटातच बघा. सीमेची व्याख्या काय सांगते? तू हवा तितका लहान एप्सिलॉन दे, मी त्याला पुरेल असा डेल्टा काढून दाखवतो. ही व्याख्याच दोघांचं भांडण आहे. एक आव्हान देतो, दुसरा ते पेलतो. ती एकट्यानं घोकून कळणार कशी? ज्याच्यासमोर आव्हान द्यायला कुणी बसलाच नाही, तो व्याख्या पाठ करतो आणि पेपरात मार खातो.

ट्राइसमननं कार्यशाळा सुरू केली. ‘मागासांसाठी जादा वर्ग’ नव्हे, हे ध्यानात घ्या. कच्च्यांना कच्चंच शिकवायचं हा धंदा त्यानं केला नाही. उलट नेहमीच्या वर्गापेक्षा अवघड गणितं दिली आणि सांगितलं, एकत्र बसा, भांडा. त्या कार्यशाळेतली काळी पोरं आपल्याच बांधवांच्या पुढं गेली, आणि गोऱ्या वर्गमित्रांच्याही पुढं गेली. तीच पोरं, तेच विद्यापीठ, तोच पेपर. मेरिट काय आभाळातून पडलं?

आता कुणी शहाणा म्हणेल, मग बसा की एकत्र, कुणी अडवलंय? कुणी अडवलंय ते ऐका.

टेक्सासमधलं ऑस्टिन विद्यापीठ, साठीचं दशक. व्हिव्हिएन मलोन-मेज ही काळी बाई गणितात पीएच.डी. करत होती. आर. एल. मूर हा तिथला बडा प्रस्थ. पोरांनी पुस्तक न उघडता स्वतः प्रमेयं सिद्ध करायची, या त्याच्या पद्धतीचं जगभर कौतुक. या मूरनं काळ्यांना आपल्या वर्गात घ्यायला नकार दिला. विद्यापीठानं तिला शिकवण्याचं सहायकपद दिलं नाही. तिचा मार्गदर्शक आणि वर्गमित्र ज्या कॉफीहाउसात बसून गणितावर बोलत, तिथं काळ्यांना कप मिळत नसे. ती बाहेर निदर्शनात उभी राही. आणि वर्गमित्र निदर्शकांची रांग ओलांडून आत जाताना गणिताचे जे दोन शब्द कानावर पडत, तेवढंच तिचं सेमिनार. तरी १९६६ साली तिनं पीएच.डी. मिळवली. मूरचं नाव तिथल्या गणिताच्या इमारतीवरून उतरलं ते २०२० साली.

डेव्हिड ब्लॅकवेल बावीस वर्षांचा असताना डॉक्टर झाला. १९४१ साली प्रिन्स्टनच्या प्रगत संशोधन संस्थेत गेला, तर शेजारच्या विद्यापीठानं त्याला व्याख्यानांना बसू दिलं नाही. १९४२ साली बर्कलीत नोकरीची गोष्ट निघाली आणि फिसकटली. का? विभागप्रमुखाची बायको विभागातल्या लोकांना घरी जेवायला बोलवी, आणि तिला काळा माणूस घरात नको होता. गणितज्ञाची नेमणूक जेवणाच्या टेबलावर अडली! कलकत्त्याच्या सी. आर. राव यांच्या १९४५ च्या निष्कर्षाला या ब्लॅकवेलनं १९४७ साली स्वतंत्रपणे हात घातला, म्हणून आज आपली एम.एस्सी.ची पोरं राव-ब्लॅकवेल प्रमेय शिकतात. प्रमेय अभ्यासक्रमात आलं, या माणसाचा इतिहास आला नाही.

पंगतीतून उठवणं म्हणजे काय, हे आम्हाला टेक्सासनं शिकवायला नको. मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात मास्तरांनी बाबासाहेबांना फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावलं, तर फळ्यामागं ठेवलेले डबे बाटतील म्हणून पोरांनी कल्ला करून आधी डबे हलवले. फळा आणि डबा एकाच जागी. २००७ साली थोरात समितीनं दिल्लीच्या एम्सबद्दल अहवाल दिला, त्यातही मेस आहे, होस्टेलचे वेगळे पडलेले मजले आहेत. गणित कागदावर लिहिलं जातं हे खरं. पण ते तयार होतं सेमिनारनंतरच्या चहावर, मेसच्या बाकावर, होस्टेलच्या खोलीत रात्री दोन वाजता. आमची पोरं नेमकी तिथूनच बाहेर आहेत.

आणि राखीव जागा मोडून ‘तुम्ही आपसात अभ्यास करा’ म्हणणाऱ्यांनाही ओळखून असा. १९९६ साली कॅलिफोर्नियात मतदान घेऊन सरकारी विद्यापीठांना प्रवेशात वंशाचा विचार करायची बंदी झाली. दारच बंद केलं तर आत पंगत कुणाची? आपल्याकडं ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा मारून जागा रिकामी ठेवतात, ते वेगळं काय करतात?

तेव्हा दया नको, जादा वर्गाची भीक नको. प्रत्येक होस्टेलात, वस्तीतल्या प्रत्येक विहारात पाचसहा जणांनी आठवड्यातून तीनदा बसायचं. पुस्तकातलं सगळ्यात अवघड गणित आधी घ्यायचं. चुकणाऱ्याला हसायचं नाही, सोडायचंही नाही. एम.एस्सी.वाल्यानं एफ.वाय.वाल्यासाठी एक संध्याकाळ द्यायची. विद्यापीठाकडं मागायचं : खोली, फळा, रात्री दहापर्यंत दिवे, आणि रिकाम्या राखीव जागांवर माणसं. आणि विभागाच्या सेमिनारला जायचं. पहिले दोन महिने काही कळणार नाही. त्यांच्या पोरांनाही कळत नाही, ती फक्त मान हलवतात. शेवटी प्रश्न विचारायचा. मग चहा होतो, तेव्हा निघून यायचं नाही. कप उचलायचा आणि बोलणाऱ्यांच्या घोळक्यात उभं राहायचं.