पदक दोघांचे, परीक्षा एकीची

आशियाई क्रीडा स्पर्धांमधल्या भारतीय टेनिसच्या पदकांची यादी पाहिली तर त्यातली बरीचशी सोनेरी पाने दुहेरीची आहेत असे दिसते. लिएंडर पेस आणि महेश भूपती यांनी २००२ मध्ये बुसानला आणि २००६ मध्ये दोहाला पुरुष दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. २०१० मध्ये ग्वांगझूला सोमदेव देववर्मनने एकेरीचे सुवर्ण मिळवले, त्याच स्पर्धेत सनम सिंगबरोबर दुहेरीचेही. २०१८ मध्ये पालेम्बांगला रोहन बोपण्णा आणि दिविज शरण ही जोडी जिंकली. २०२२ ची स्पर्धा कोरोनामुळे लांबून २०२३ मध्ये हांगझोऊला झाली. तिथे बोपण्णाबरोबर मिश्र दुहेरीचे सुवर्ण जिंकणारी ऋतुजा भोसले आपल्या महाराष्ट्राची. अंतिम सामन्यात पहिला सेट २-६ असा गेला होता. दोघांनी दुसरा ६-३ ने घेतला आणि निर्णायक टायब्रेक १०-४ असा जिंकला.

या यादीत सर्वांत ठळक नाव सानिया मिर्झाचे आहे. २००२ ते २०१४ या काळातल्या चार आशियाई स्पर्धांत तिने ८ पदके मिळवली : २ सुवर्ण, ३ रौप्य, ३ कांस्य. मिश्र दुहेरीत तर चारही वेळा ती पदक घेऊनच परतली. बुसानला पेसबरोबर कांस्य, तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. दोहाला पुन्हा पेसबरोबर सुवर्ण, ग्वांगझूला विष्णू वर्धनबरोबर रौप्य आणि इंचॉनला साकेत मैनेनीबरोबर सुवर्ण. इंचॉनलाच महिला दुहेरीत तिला कांस्य मिळाले. तिथे तिची जोडीदार होती सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीची प्रार्थना ठोंबरे. हैदराबादची सानिया आणि बार्शीची प्रार्थना पुढे २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्येही एकत्र खेळल्या.

दुहेरीत पदक दोघांना सारखेच मिळते. सर्व्हिस कोणाची चांगली आणि नेटजवळ कोण चपळ याचा हिशेब पदक देताना कोणी मांडत नाही. पण पदक गळ्यात पडण्याआधी आणि पडल्यानंतर मैदानाबाहेर जी परीक्षा घेतली जाते ती मात्र दोघांना सारखी नसते. या संपादकीयाचा विषय ती परीक्षा आहे.

सानियाची ही परीक्षा दोन बाजूंनी झाली. २००५ मध्ये हैदराबादची स्पर्धा जिंकून डब्ल्यूटीए एकेरीचे विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. त्याच वर्षी एका मौलवींनी तिच्या स्कर्टवर आणि टी-शर्टवर आक्षेप घेतला. हा पोशाख इस्लामला धरून नाही, असे त्यांचे म्हणणे होते. वाहिन्यांनी त्यावर दिवसच्या दिवस चर्चा केल्या आणि कोलकात्याला ती खेळायला गेली तेव्हा तिच्याभोवती पोलिसांचा बंदोबस्त वाढवावा लागला. ज्या मुलीच्या फोरहँडविषयी बोलायला हवे होते, तिच्या गुडघ्यांविषयी देश बोलत होता.

दुसरी बाजू राष्ट्रभक्तीची. २००८ मध्ये एका छायाचित्रात तिचे पाय तिरंग्याच्या जवळ दिसले म्हणून तिच्याविरुद्ध तक्रार दाखल झाली. या वादांना कंटाळून त्या वर्षी बंगळूरुच्या स्पर्धेत न खेळण्याचा निर्णय तिने घेतला. २०१० मध्ये तिने पाकिस्तानी क्रिकेटपटूशी लग्न केले आणि तक्रारदारांना कायमचे कारण मिळाले. जुलै २०१४ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या तेलंगण राज्याने तिला आपली सदिच्छा दूत नेमले, तेव्हा तिथल्या एका आमदाराने तिला 'पाकिस्तानची सून' म्हटले. आपण भारतीय आहोत आणि शेवटपर्यंत भारतीयच राहू, हे तिला जाहीरपणे सांगावे लागले.

त्यानंतरचे तीन महिने पाहा. सप्टेंबरच्या सुरुवातीला तिने ब्रुनो सोआरेसबरोबर यूएस ओपनचे मिश्र दुहेरीचे विजेतेपद जिंकले. पुढे इंचॉनची आशियाई स्पर्धा होती. तिथे क्रमवारीचे गुण मिळणार नव्हते, बक्षिसाची रक्कमही नव्हती. व्यावसायिक टेनिसपटूचे पोट क्रमवारीवर चालते, म्हणून भारताच्या काही प्रमुख खेळाडूंनी त्या वेळी माघार घेतली. सानियानेही आधी न जाण्याचे ठरवले होते, मग निर्णय बदलला. टोकियोची स्पर्धा जिंकून ती थेट इंचॉनला पोहोचली आणि दोन पदके मिळवली. ज्यांनी जुलैमध्ये तिच्या निष्ठेवर प्रश्न उभा केला होता, त्यांच्याच देशाचे राष्ट्रगीत तिच्यामुळे तिथे वाजले.

मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो. एकदा ओळख पटवून आत आलेल्या माणसाला दर पानावर पुन्हा पासवर्ड विचारणारी प्रणाली आम्ही सदोष मानतो. आणि ठरावीक नावांच्याच माणसांना ती असे विचारत असेल, तर चूक त्या माणसांच्या पासवर्डमध्ये शोधत बसत नाही, प्रणाली दुरुस्त करतो. आपल्याकडे उलटे चालते. मुस्लिम खेळाडूकडे दर वळणावर ओळखपत्र मागितले जाते आणि ते तिने हसतमुखाने दाखवावे अशी अपेक्षा असते. मुलगी असेल तर दोन खिडक्या : एका खिडकीवर 'तू पुरेशी मुसलमान आहेस का?', दुसरीवर 'तू पुरेशी भारतीय आहेस का?' दोन्ही खिडक्यांवर बसलेली माणसे एकमेकांची विरोधक म्हणवतात, पण मुलीने आपल्या परवानगीने जगावे यावर त्यांचे एकमत असते.

टेनिस मुसलमानांना परके होते असेही नाही. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या टेनिस संघात मोहम्मद सलीम, अथर अली फैजी आणि हैदराबादचे सय्यद मोहम्मद हादी होते. हेच हादी पुढे रणजी करंडकातले पहिले शतकवीर ठरले. १९३९ मध्ये गौस मोहम्मद विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचणारे पहिले भारतीय झाले. अख्तर अली आणि त्यांचे चिरंजीव झीशान अली यांनी खेळाडू आणि प्रशिक्षक म्हणून भारतीय टेनिसला आयुष्य दिले. ही परंपरा अभिमानाने सांगावी अशीच आहे. पण सांगताना एवढेही पाहावे की यातली सगळी नावे पुरुषांची आहेत. हादींनी कोणता पोशाख घालून खेळावे यावर कोणाचे निवेदन निघाल्याचे कोणाच्या आठवणीत नाही.

इथे आपल्या बाजूच्या लोकांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. कोणी मुसलमानांच्या देशप्रेमावर शंका घेतली की आपण पदकांची यादी पुढे करतो. सानियाचे सुवर्ण आणि निखत झरीनचे विश्वविजेतेपद समाजमाध्यमांवर फिरवतो. हेतू चांगला असतो. पण त्यातून आपण नकळत एक अट मान्य करून बसतो : पदक दाखवा आणि नागरिक ठरा. मग जी मुलगी तालुका पातळीवर दुसऱ्याच फेरीत हरली तिचे काय? जिला रॅकेट धरायलाच मिळाली नाही तिचे काय? नागरिकत्व हा हक्क आहे, पोडियमवर चढणाऱ्यांना मिळणारे बक्षीस नव्हे. खेळायला सुरुवात करणाऱ्या बहुतेक मुली कधीच पदक जिंकणार नाहीत, आणि तरीही त्यांना मैदान मिळाले पाहिजे.

मैदान न मिळण्याची कारणे नेहमी फतव्याएवढी मोठी नसतात. मी शिकलो त्या अभियांत्रिकी महाविद्यालयात टेनिसचे कोर्ट होते, तेही दिव्यांचे. पण दिवे लागायचे तेव्हा मुलींच्या वसतिगृहाचे फाटक बंद झालेले असायचे. कोणी बंदी घातली नव्हती, तरी चार वर्षांत मी त्या कोर्टवर एकही मुलगी पाहिली नाही. आपल्या मोहल्ल्यांतही असेच घडते. मुलगी वयात आली की 'आता बस झाले' असे घरातले कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. वर खर्चाचा प्रश्न : रॅकेट, तारा, बूट, प्रवास, प्रशिक्षकाची फी. सानियालाही लहानपणी शेणाने सारवलेल्या कोर्टवर खेळावे लागले होते, पण तिच्यामागे स्वतः तिला शिकवणारे वडील होते. प्रत्येक घरात इम्रान मिर्झा नसतात.

म्हणून करायच्या गोष्टी साध्या आहेत. ईदच्या सभेत, शाळेच्या संमेलनात आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, त्यात जिल्हा पातळीवर खेळून हरून आलेल्या मुलीलाही बोलवावे. शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांनी फीबरोबर बुटांचा आणि प्रवासाचा खर्च धरावा. नगरसेवकाकडे गटार आणि दिव्यांची मागणी नेताना मुलींसाठी सुरक्षित मैदान आणि त्याची वेळ हेही अर्जात लिहावे. आणि पोशाखाचा निर्णय मुलीवर सोडावा. कोणी स्कर्टमध्ये खेळेल, कोणी पाय झाकून, कोणी डोक्यावर रुमाल बांधून. स्कर्टशिवाय नुसती लेगिंग्ज घालून खेळायला महिला टेनिसच्या नियमांनीही २०१९ पासून मुभा दिली आहे. झाकण्याची सक्ती जितकी चुकीची, तितकीच उघडे करण्याचीही.

पुढची आशियाई स्पर्धा २०२६ मध्ये जपानमधल्या आइची-नागोया इथे ठरली आहे. तिथे भारताला टेनिसची पदके मिळावीत असे मलाही मनापासून वाटते. त्या यादीत एखादे मुस्लिम नाव असले तर आनंद होईल. नसले तर त्याचा अर्थ काढत बसण्यापेक्षा आपल्या वस्तीतल्या मैदानावर संध्याकाळी किती मुली दिसतात ते मोजावे. तो आकडा वाढवणे आपल्या हातात आहे.