तांदळाला मिळालेली वाट अबोलीला का मिळत नाही?

तंजावर : मराठी वाचकांना तंजावरची ओळख आहे ती भोसले घराण्याच्या राज्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे. तमिळ घरांत मात्र हे नाव एका माळेशीही जोडलेले आहे. मोगरा, अबोली आणि दवणा एकत्र गुंफून केलेली रंगीत, सुगंधी माळ ‘तंजावर कदंबम’ म्हणून ओळखली जाते. देवपूजा, विवाह आणि रोजची वेणी यांवर चालणारा हा फुलांचा व्यवहार लहान शेतकरी, फुले खुडणाऱ्या मजूर स्त्रिया आणि माळा गुंफणारे कारागीर यांच्या हातांतून जातो. जनुकीय अभियांत्रिकीने शोभेच्या फुलांच्या जगात घडवलेल्या बदलांचे मोल या माळेच्या संदर्भात तपासले, तर भारतीय धोरणातील एक उणीव स्पष्ट दिसते.

जगात या तंत्राचा प्रवास प्रामुख्याने रंगाच्या शोधात झाला. १९८७ मध्ये जर्मनीतील कोलोन येथील मॅक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मक्याचे एक जनुक पेटुनियात घालून विटकरी-नारिंगी छटेचे फूल मिळवले. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील फ्लोरिजीन कंपनीने जांभळट कार्नेशन बाजारात आणले. जपानच्या सनटोरीने पॅन्सीचे जनुक वापरून तयार केलेला ‘निळा’ गुलाब २००९ मध्ये विक्रीस ठेवला. २०१७ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी शेवंतीला खरा निळा रंग दिला. त्यासाठी वापरलेल्या दोन जनुकांपैकी एक आपल्या परिचयाच्या गोकर्णीचे होते. अमेरिकेत २०२४ पासून अंधारात मंद प्रकाशणारी पेटुनियाही विकली जाऊ लागली.

ही सारी फुले कुतूहलाची आणि चैनीची आहेत. तंजावर किंवा मदुरैच्या शेतकऱ्यास निळ्या गुलाबाची निकड नाही. त्याची अडचण वेगळी आहे. अबोली, म्हणजे तमिळमधील कनकांबरम, मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आणि मर रोगाला सहज बळी पडते. मोगऱ्याची कळी पहाटे खुडली तरी संध्याकाळपर्यंत उमलून जाते आणि तिचा भाव उतरतो. रोगाला तोंड देणारे झाड आणि उशिरा उमलणारी कळी, एवढीच त्याची मागणी आहे.

ही मागणी पारंपरिक संकरातून पूर्ण करणे सोपे नाही, कारण यांतील महत्त्वाच्या जातींना बीच धरत नाही. तामिळनाडूत मोठ्या प्रमाणावर लावली जाणारी ‘दिल्ली’ अबोली त्रिगुणित आहे. तिच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी तीन संच असतात, त्यामुळे ती वंध्य असते आणि तिची लागवड छाट कलमांनीच होते. मोगऱ्याच्या व्यापारी जातींतही बी क्वचितच धरते. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने ‘अर्का अंबरा’, ‘अर्का कनका’ यांसारखे अबोलीचे वाण दिले, हे खरे. परंतु बाजाराने स्वीकारलेल्या वंध्य जातीतच सुधारणा करायची, तर संकराचे दार बंद असते. गॅमा किरणांनी उत्परिवर्तन घडवणे हा एक पर्याय आहे आणि लखनऊच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेने त्यातून शेवंतीचे अनेक वाण निर्माण केले. मात्र किरणांनी होणारा बदल कोठे आणि कोणता होईल, यावर शास्त्रज्ञाचे नियंत्रण नसते.

अशा स्थितीत जनुक संपादन हाच स्वाभाविक मार्ग ठरतो. त्यात झाडाच्याच जनुकात नेमक्या जागी लहानसा बदल केला जातो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ३० मार्च २०२२ रोजी अशा बदलांच्या दोन प्रकारांना १९८९ च्या नियमांतील कठोर मंजुरी प्रक्रियेतून सूट दिली. त्यानंतर मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेचे ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राईस १’ हे दोन जनुक संपादित भाताचे वाण जाहीर झाले. सवलतीची अट एकच महत्त्वाची आहे : अंतिम वाणात बाहेरून आणलेला डीएनए शिल्लक असता कामा नये.

नेमक्या याच अटीपाशी भात आणि अबोली यांच्या वाटा वेगळ्या होतात. संपादनाचे ‘अवजार’ सामान्यतः परके जनुक म्हणूनच वनस्पतीत घातले जाते. भातात काम झाल्यावर पुढच्या पिढीच्या रोपांतून, ज्यांत ते जनुक उतरलेले नाही, अशी रोपे निवडता येतात. अबोलीला बीच नाही, म्हणून पुढची पिढी नाही आणि ते जनुक गाळून टाकण्याची ही संधीही नाही. ते झाडात राहिले, तर झाड पुन्हा जीएम ठरते आणि जुन्या वाटेवर ढकलले जाते. त्या वाटेची अवस्था सर्वज्ञात आहे. २००२ मध्ये मंजूर झालेला बीटी कापूस हेच आजही देशात व्यापारी लागवडीत असलेले एकमेव जीएम पीक आहे. जीएम मोहरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी २३ जुलै २०२४ रोजी परस्परभिन्न निकाल दिला.

उपाय नाही असे नव्हे. अवजाराचे जनुक न घालता तयार प्रथिनच पेशीत सोडण्याची पद्धत २०१५ पासून प्रयोगशाळांत सिद्ध झाली आहे. पण त्यासाठी एका पेशीतून संपूर्ण झाड उभे करण्याचे कौशल्य त्या त्या जातीसाठी विकसित करावे लागते आणि त्रिगुणित झाडात जनुकाच्या तिन्ही प्रती बदलाव्या लागतात. हे काम वेळखाऊ आहे. ज्या पिकाच्या कलमांची शेतकरी आपसांत देवाणघेवाण करतात, त्यात खासगी कंपनी गुंतवणूक करण्याची शक्यता कमी. म्हणून ही जबाबदारी पुण्याचे पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय, बंगळुरूची संस्था आणि कोइम्बतूरचे तामिळनाडू कृषी विद्यापीठ अशा सार्वजनिक संस्थांवरच येते.

सावधगिरीची बाजूही दुर्लक्षिता येणार नाही. २०१७ मध्ये फिनलंडच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने नारिंगी पेटुनिया बाजारातून मागे घेण्यास सांगितले, कारण त्यांत मक्याचे ते जुने जनुक सापडले. परवानगीविना ही झाडे अनेक देशांत विकली जात होती आणि विक्रेत्यांनाही त्याची कल्पना नव्हती. फुलझाडे कलमांतून हातोहात पसरतात, त्यामुळे नोंद आणि माग ठेवण्याची व्यवस्था आधीच असली पाहिजे. वंध्य झाडांपासून रानटी जातींत जनुके पसरण्याचा धोका कमी असतो. पण एकाच जातीची कलमे सर्वत्र लागली, तर एखादा नवा रोग संपूर्ण पट्टा उद्ध्वस्त करू शकतो. शिवाय २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला दिलेला बियाणे व रोपसामग्री राखण्याचा, देण्या-घेण्याचा हक्क नव्या वाणांतही अबाधित राहायला हवा.

२०२२ चा निर्णय बियांच्या पिकांना नजरेसमोर ठेवून घडला, असे दिसते. कलमांच्या पिकांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन, सार्वजनिक निधी आणि वाणांची पारदर्शक नोंद, या तीन गोष्टी झाल्या नाहीत, तर या तंत्राचा लाभ परदेशी पुष्पगुच्छांपुरताच राहील. तंजावरची माळ आणि कोकणातील अबोलीचा गजरा, दोन्ही आज त्याच जुन्या कलमांच्या भरवशावर आहेत.