समुपदेशक नेमले; देखरेखीचे काय?

१०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ अथवा समाजकार्याचे शिक्षण घेतलेली व्यक्ती असलीच पाहिजे, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये घालून दिला. २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या व त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते, ही सरकारी आकडेवारी ज्यास ठाऊक आहे, तो या निर्णयाचे स्वागतच करील. पण संस्थाचालक आता काय करतील? जाहिरात देतील, पदव्या पाहतील, एखादी खोली रिकामी करून दारावर पाटी लावतील. त्या दारामागे होणारे काम नीट होते की नाही, हे पाहणार कोण?

शल्यविद्येचा विद्यार्थी ज्येष्ठांच्या नजरेखाली शस्त्र हाती घेतो. नवा वकील ज्येष्ठ वकिलाच्या कचेरीत मसुदे घोटतो. त्यांची चूक कोणाच्या तरी दृष्टीस पडते. समुपदेशकाचे काम मात्र बंद खोलीत, दोघांच्या संभाषणातून होते. गोपनीयता हा त्या कामाचा प्राण आहे, हे खरे. पण तिच्या आडोशाने अकुशलताही सुखाने नांदू शकते. ही अडचण जुनीच आहे. १९२० साली बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय निघाले, तेव्हा उमेदवाराने आपल्या रुग्णांविषयी अनुभवी विश्लेषकाशी चर्चा केली पाहिजे, अशी पद्धत तेथे पडली. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेत कार्ल रॉजर्स यांनी मुलाखतींचे ध्वनिमुद्रण करून त्यांचा शिक्षणासाठी उपयोग करावा, असा पुरस्कार केला.

अनुभवाने माणूस आपोआप तयार होतो, असे कोणी म्हणेल. संशोधन तसे सांगत नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात १७० उपचारकांनी हाताळलेल्या ६,५९१ रुग्णांची प्रगती तपासण्यात आली. जसजसा काळ लोटला तसतसे उपचारकांचे यश सरासरीने वाढले तर नाहीच, उलट किंचित घटले. २०१२ च्या दुसऱ्या पाहणीत १२९ व्यावसायिकांना स्वतःच्या कौशल्याचे मोजमाप करावयास सांगितले, तेव्हा आपण सरासरीहून कमी आहोत असे म्हणणारा एकही निघाला नाही. आपले काम सुधारत नाही हे ज्याचे त्यास उमगत नसेल, तर ते दाखवून देणारा दुसरा माणूस हवा, हे ओघानेच आले.

अर्थात नावापुरती देखरेखही उपयोगाची नाही. १९९६ च्या एका अभ्यासात १०८ शिकाऊ उपचारकांपैकी जवळजवळ सर्वांनी आपल्या पर्यवेक्षकापासून काही ना काही लपविल्याचे मान्य केले. जो शिकवतो तोच गुण देणारा असला, की शिष्य आपल्या चुका झाकणारच. म्हणून पर्यवेक्षकाने केवळ सांगोवांगी हकीकतीवर विसंबू नये. संबंधितांच्या संमतीने प्रत्यक्ष संभाषण ऐकावे, आणि त्यातील चुका नोकरीच्या मूल्यमापनात धरल्या जाऊ नयेत.

आपल्याकडे चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यान्वये भारतीय पुनर्वसन परिषद करते. अन्य मानसशास्त्रज्ञांस २०२१ च्या स्वतंत्र कायद्याने नियमांच्या कक्षेत आणले. मानसशास्त्राचे दूरशिक्षण विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये थांबविले. ही पावले योग्यच आहेत. परंतु हे सारे उंबरठ्यापर्यंतचे नियम झाले. उंबरठा ओलांडल्यावर शाळेतील समुपदेशक एकटाच असतो. मुख्याध्यापक त्याचे वरिष्ठ असतील, पण पर्यवेक्षक होऊ शकत नाहीत. त्यांना संस्थेच्या नावाची काळजी, समुपदेशकास विद्यार्थ्याच्या विश्वासाची.

यास्तव आमची सूचना अशी की, राज्य सरकारने दहाबारा शाळा-महाविद्यालयांचा एक गट करून प्रत्येक गटास एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ पर्यवेक्षक म्हणून द्यावा. समुपदेशकाने आठवड्यातून निदान एक तास त्याच्याशी चर्चा करावी आणि तो तास पगारी कामाचा समजावा. या पर्यवेक्षकांस शिकविण्याची जबाबदारी विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांनी उचलावी. अनुभवी माणसे आहेतच थोडी, ती आणावयाची कोठून, असा आक्षेप येईल. पण माणसे थोडी आहेत म्हणूनच ही योजना अधिक आवश्यक ठरते. त्यांतील एकाने बारा समुपदेशकांस सावरले, तर त्याचा लाभ हजारो मुलांपर्यंत पोहोचेल.

खर्चाची सबब सांगणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे, की कितीएक दिवस मनाशी झगडून एखादे मूल त्या दारापाशी येते. तेथे त्याचा हिरमोड झाला, तर ते पुन्हा येईलच असे नाही. अशा मुलासमोर बसणाऱ्या माणसास एकटे सोडणे, म्हणजे त्या मुलासही एकटे सोडणे होय.