दुर्गम कोणीं केलें?

शब्दांनाहि दैवगति असते. 'दुर्गम' हा शब्द एके काळीं आपल्या भाषेंत गौरवाचा होता. एखाद्या गडास दुर्गम म्हटलें म्हणजे त्या गडाची, तो बांधणाराची आणि तो राखणाराची एकदमच स्तुति होत असे. आज तोच शब्द सरकारी अहवालांत, वर्तमानपत्रांत आणि आपल्या दिवाणखान्यांतील संभाषणांत निराळ्याच कामास जुंपलेला आढळतो. डोंगरांतल्या एखाद्या गांवीं डॉक्टर नाहीं, कां? तर गांव दुर्गम आहे. शिक्षक टिकत नाहीं, कां? गांव दुर्गम आहे. बाळंतीण वाटेंतच दगावली. फार वाईट झालें, पण काय करणार, गांवच दुर्गम! एवढें म्हटलें कीं विचारणाराचें समाधान होतें आणि उत्तर देणाराची सुटका होते. जणूं कांहीं दुर्गमता ही पर्जन्यासारखी आकाशांतून पडते व तिला कोणाचा इलाज नसतो! आमचें म्हणणें असें कीं, निदान एका खोऱ्यापुरतें तरी हें उत्तर साफ खोटें आहे. आणि तें खोरें आपल्या घरांतील दिव्याच्या बटणाशीं बांधलेलें असल्यामुळें त्याचा जाब आपणांपैकीं प्रत्येकास द्यावा लागेल.

आम्ही बोलत आहों तें कोयनेचें खोरें. महाबळेश्वरीं उगम पावून ही नदी सह्याद्रीच्या मुख्य रांगेस समांतर अशी दक्षिणेकडे वाहत जाते, हेळवाकपाशीं एकाएकीं पूर्वेस वळते आणि कऱ्हाडास कृष्णेला मिळते. सोळशी, कांदाटी या तिच्या उपनद्या वरच्या अंगासच तिला येऊन मिळतात. मराठ्यांच्या इतिहासांत ज्या जावळीचें नांव वारंवार येतें तिचा मुलूख हाच. 1656 सालीं शिवाजीमहाराजांनीं ती मोऱ्यांपासून घेतली, आणि तीनच वर्षांनीं अफझलखान या रानाच्या तोंडाशीं आला तो परत गेला नाहीं. घाटमाथा आणि कोंकण यांना जोडणाऱ्या वाटा या मुलखांतून उतरत असत, म्हणूनच त्याच्यासाठीं एवढी झुंज झाली. ज्या ठिकाणाहून कोठेंच जातां येत नाहीं अशा ठिकाणासाठीं राज्यें भांडत नाहींत. परक्या फौजेला तें खोरें दुर्गम होतें हें खरें. तेथल्या माणसाला तें तसें नव्हतें. त्याचीं भातखाचरें नदीकांठीं होतीं, त्याची वाट नदीच्या कांठाकांठानें जात होती, त्याची सोयरीक पलीकडच्या तीरावर होती, आणि पावसाळा सरला म्हणजे तें पलीकडचें तीर पाण्यांतून पायीं चालत गांठतां येत होतें.

मग हेळवाकाजवळ धरण झालें. 103 मीटर उंचीचें, 800 मीटरांहून अधिक लांबीचें हें धरण विसाव्या शतकाच्या सहाव्या दशकांत बांधावयास घेतलें, आणि 1960 नंतरच्या दोनचार वर्षांत त्याच्या मागें पाणी चढत गेलें. शंभर टी. एम. सी. हून अधिक पाणी सांठविणारा आणि सुमारें 50 किलोमीटर लांब पसरलेला हा जलाशय; त्यास शिवसागर असें नांव आहे. (जावळी बुडविणाऱ्या पाण्यास जावळी जिंकणाराचें नांव द्यावें, ही कल्पना ज्यास सुचली त्याच्या विनोदबुद्धीचें आम्हांस नवल वाटतें.) हें पाणी बोगद्यांतून पश्चिमेस नेऊन सह्याद्रीच्या पोटांतील वीजघरांत सोडतात व तेथून तें वाशिष्ठीला मिळतें. चारहि टप्पे मिळून या प्रकल्पाची शक्ति 1960 मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याच्या गिरण्या, कारखाने, आगगाड्या, आपलें वाचनाचें टेबल, हें सारें या पाण्यानें थोडेंफार तरी उजळलें आहे; तें आम्ही नाकारीत नाहीं, आणि ती वीज नको होती असेंहि म्हणत नाहीं.

पण या पाण्यानें दुसरें काय केलें तेंहि सांगितलें पाहिजे. जीं गांवें सबंध बुडालीं त्यांतील माणसें सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणें अशा जिल्ह्यांत पांगलीं. ज्यांचीं शेतें बुडालीं पण घरें वरच्या उतारावर राहिलीं, किंवा ज्यांनीं घरें उचलून पाण्याच्या रेषेच्या वर नेलीं, तीं तेथेंच राहिलीं. खालचें भात गेलें. वर नाचणी आणि वरी उरली. कांठाची वाट गेली. डोंगराची कड उरली. ज्या तीरावर लेक दिली होती तें तीर आतां नावेवांचून दिसण्यापुरतेंच उरलें. एका पिढीच्या आंत, कोणताहि डोंगर एक तसूभरहि उंच न होतां, हीं गांवें दुर्गम झालीं. मग 'दुर्गम आहे' हें क्रियापद येथें चुकीचें नव्हे काय? 'दुर्गम केलें' असें म्हणावयास हवें, आणि कर्त्याचें नांवहि घालावयास हवें. तो कर्ता आपण आहों.

यावर कोणी म्हणेल कीं भरपाई झाली, पुनर्वसन झालें. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला सर्वंकष कायदा महाराष्ट्रांत 1976 सालीं झाला. तो पुढें 1986 व 1999 सालीं सुधारून नव्यानें करण्यांत आला. कोयनेचें पाणी त्याच्या आधीं दहाबारा वर्षें चढून बसलें होतें. म्हणजे या माणसांस उठविलें तेव्हां त्यांना कोठें आणि कसें बसवावयाचें याचा कायदाच नव्हता. त्यांतच 11 डिसेंबर 1967 च्या पहांटे भूकंप झाला, कोयनानगर पडलें, सर्व देश हळहळला. त्यानंतर अर्धें शतक लोटलें. 2018 सालीं हेच धरणग्रस्त पुन्हा कोयनानगरास ठिय्या देऊन बसले होते तेव्हां त्यांच्यांतील कितीएकांचे जमिनीचे हक्क निकालांत निघावयाचेच होते. मुळशीच्या सत्याग्रहाच्या वेळीं, 1921 ते 1924 या काळांत, आपल्या सुशिक्षित समाजानें निदान बाजू घेतली होती. कोणी सेनापति बापटांची, कोणी टाटांच्या विजेची. कोयनेच्या बाबतींत आम्हांस तसा वाद फारसा आठवत नाहीं. देश नवा होता, धरणें हीं नवीं मंदिरें होतीं, आणि मंदिराच्या पायांत कोण पुरलें गेलें हें विचारणें अशुभ मानलें जात होतें.

आतां तेथील राहणी पाहूं. शहरांतला मनुष्य तळें म्हणतांच एक ठराविक कांठ डोळ्यांपुढें आणतो. शिवसागरास असा कांठच नाहीं. श्रावण-भाद्रपदांत पाणी घराच्या पायरीशीं येऊन लागतें; वैशाखांत तें इतकें खालीं उतरतें कीं होडीपर्यंत पोहोंचावयास भेगाळलेल्या, निसरड्या गाळाचा एक सबंध उतार तुडवावा लागतो. म्हणून धक्का बांधला तर तो वर्षाचे आठ महिने कोरडा आणि चार महिने बुडालेला, अशी स्थिति. पावसाळ्यांत घोंघावता वारा सुटला कीं या पाण्यावर समुद्रासारख्या लाटा उठतात. अशा रात्रीं कोणास सर्पदंश झाला किंवा एखादी बाई अडली, तर कांबळ्याची झोळी करून, ती बांबूस बांधून, चार खांद्यांवर रानवाटेनें न्यावयाची, नाहीं तर लाट कमी होईपर्यंत वाट पाहावयाची. वाट पाहण्याचा निकाल कसा लागतो तो आम्ही येथें लिहीत नाहीं.

आणि हें सारें अतिशयोक्तीचें वाटत असेल त्यानें न्यायालयाचें दप्तर पाहावें. जावळी तालुक्यांतील खिरखंडी या गांवच्या मुली शाळेस जाण्यासाठीं स्वतः होडी वल्हवीत कोयनेचा जलाशय ओलांडतात आणि पुढें अस्वलांच्या रानांतून चालत जातात, अशी बातमी वाचून जानेवारी 2022 मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन त्या गोष्टीची दखल घेतली. धरण होऊन साठ वर्षें झाल्यावर! मुलींच्या धैर्याचें वर्तमानपत्रांत फार कौतुक झालें. आम्हांस त्या कौतुकाची शिसारी येते. दहाबारा वर्षांच्या पोरीनें वल्हें मारणें हें शौर्य खरें. पण तें तिनें दाखवावें लागतें ही आपली लाज आहे, आणि एकीचा गौरव करून दुसरी झांकण्याची युक्ति आपल्याला फारच साधलेली आहे.

शाळेचाच विषय निघाला म्हणून सांगतों. 2009 च्या शिक्षणहक्काच्या कायद्यान्वयें झालेल्या नियमांप्रमाणें पहिली ते पांचवीची शाळा एक किलोमीटरच्या आंत, आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आंत असावयास हवी. नियम सोन्यासारखा आहे. पण किलोमीटर मोजावयाचा कसा? नकाशावर पलीकडचें तीर अंगुळभर अंतरावर असतें. मध्यें पाणी आहे हें पट्टीला कळत नाहीं. त्यावर 2023 सालीं शिक्षणखात्याचें असें परिपत्रक निघालें कीं, वीसपेक्षां कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून समूहशाळा कराव्या. सपाटीवरच्या, एस. टी. च्या रस्त्यावरच्या गांवांस तें कदाचित् मानवेलहि. त्याबद्दल आमचा हट्ट नाहीं. परंतु ज्या वाडीचा पट वीसांचा होण्याइतकीं घरेंच पाण्यानें वर ठेवलीं नाहींत, त्या वाडीस 'तुमचा पट कमी' असें सांगणें म्हणजे हात तोडून मग मुठीचा जोर विचारण्यासारखें आहे.

'एवढे हाल आहेत तर तेथें राहतात कशाला? खालीं कां येत नाहींत?' हा प्रश्न आमच्या परिचयाच्या भल्या भल्या माणसांनीं विचारलेला आहे, आणि विचारतांना त्यांच्या स्वरांत दुष्टपणा नव्हता, फक्त कंटाळा होता. त्यांना एवढेंच सांगावयाचें कीं, अहो, ते आलेच आहेत! मुंबईच्या मसजिद बंदराच्या गल्ल्यांत, गोद्यांवर, पुढें वाशीच्या बाजारांत, पाठीवर पोत्यामागून पोतें वाहणारा माथाडी कोणत्या मुलखाचा, हें कधीं विचारून पाहावें. जावळी, पाटण, महाबळेश्वर हीं नांवें फिरून फिरून ऐकूं येतील. गांवकीच्या एका खोलीत दहा-पंधरा पुरुषांनीं पाळीपाळीनें पाठ टेकावयाची आणि महिन्याच्या महिन्यास घरीं पैसे धाडावयाचे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. 1969 सालीं माथाडी कायदा होऊन त्यांच्या कष्टांस थोडी तरी आब आली. वर डोंगरावर उरल्या त्या बायका, म्हातारीं आणि पोरें. म्हणजे नेमकीं तींच माणसें, ज्यांना डॉक्टर आणि शाळा सर्वांत अधिक लागतात. ज्यास खुशीनें उठावयाचें असेल त्यास चांगली जमीन देऊन उठूं द्यावें. पण जो राहूं म्हणतो त्यास दवाखाना न देऊन उठविणें यास आम्ही पुनर्वसन म्हणत नाहीं.

दुसरा पक्ष रसिकांचा. त्यास तेथील धुकें, तें पाणी, ती शांतता यांचा मोह पडतो. तापोळ्यास त्यानें 'मिनी काश्मीर' असें नांवहि देऊन ठेवलें आहे. बामणोलीहून वासोट्याकडे जाणारा हौशी प्रवासी मोटारबोटींत बसतो, अंगांत तरंगतें जाकीट घालतो, वनखात्याचा परवाना दाखवितो आणि चारदोन तासांत वाघाच्या रानाच्या सीमेशीं जाऊन पोहोंचतो. त्याच्या आनंदाविषयीं आम्हांस मत्सर नाहीं. पण त्या प्रवासांत एक सिद्धांत आपोआप सिद्ध होतो आणि तो त्याच्या ध्यानांत येत नाहीं: पैसे मोजणारा मनुष्य निघाला कीं हेंच खोरें क्षणांत सुगम होतें. यंत्र आहे, इंधन आहे, चालविणारा आहे, जीव वांचविण्याचें साधन आहे. मग दुर्गम राहिलें कोण? गांव, कीं गांवांतला मनुष्य?

रानाचा आक्षेप मात्र आम्ही हलका लेखीत नाहीं. 1985 पासून येथें अभयारण्य आहे, 2010 पासून तें सह्याद्रि व्याघ्रप्रकल्पांत मोडतें, आणि 2012 सालीं या रानाचा समावेश जागतिक वारशांत झाला. त्यांतून डांबरी सडका चिरीत न्याव्या असें म्हणणारांत आम्ही नाहीं. धरणानें बुडालें त्यावर आणखी रान तोडून भरपाई करणें शहाणपणाचें नव्हे. परंतु वाट पाण्यानें नेली असेल तर पाणीच वाट नव्हे काय? कोंकणच्या खाड्यांतून आणि बेटांवरून लोक जलमार्गानें नित्य ये-जा करीत आले आहेत. येथेंहि सरकारी लाँचा आणि तराफे आहेत, तापोळ्याकडे पुलाचें कामहि अलीकडे हातीं घेतलें गेलें. नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पण दोन तीरांमधील लाँच ही दयेची देणगी म्हणून चालते, एस. टी. सारखी हक्काची म्हणून नाहीं. ठरल्या वेळेस सुटणारी, विद्यार्थ्यांस मोफत, रात्रीं रुग्णासाठीं जागी असणारी, पातळी उतरेल तसा खालीं सरणारा तरता धक्का असलेली अशी लाँच, आणि तिच्यावर एक डॉक्टर: याचा खर्च वीजबिलाच्या एका ओळींत मावेल. सबंध महाराष्ट्रानें साठ वर्षें या पाण्याची वीज वापरली आहे; तिच्या दरांत या खोऱ्याचें देणें कोणीं कधीं धरलें काय?

नौकाविहार पावसाळ्यांत बंद असतो, वासोट्याची वाटहि बंद होते. तें योग्यच आहे, कारण त्या दिवसांत पाणी धोक्याचें असतें. खिरखंडीसारख्या गांवांची शाळा मात्र जूनमध्येंच सुरू होते.