गाडी निवडताना पाठीचा कौल घ्या

नव्या मोटारीचा विचार घरात सुरू झाला, की चर्चा किंमत, मायलेज, रंग आणि समोरच्या पडद्याचा आकार यांभोवती फिरते. ज्यांना दुखऱ्या पाठीने त्या गाडीत बसायचे असते, त्या ज्येष्ठांना ती बहुधा पूजेच्या दिवशी, हातावर पेढा ठेवतानाच प्रथम दिसते. पुढे काही महिन्यांनी त्या घरात एक वाक्य वारंवार ऐकू येऊ लागते : "तुम्ही जाऊन या, मी घरीच थांबते." मुंजीला किंवा बारशाला जाण्याची इच्छा नसते असे नाही. कार्यालयाच्या दारात, चारचौघांसमोर, दोघांनी हात धरून गाडीतून ओढून बाहेर काढावे लागेल, याचा संकोच असतो. पाठदुखी असलेल्या व्यक्तीचे बाहेर जाणे-येणे किती काळ टिकेल, हे पुष्कळ अंशी गाडीच्या निवडीवर अवलंबून असते. म्हणून ही निवड कशी करावी, याचा विचार या वेळी करू.

दुखणे कोणते, हे आधी जाणून घ्यावे

'पाठदुखी' या एका शब्दाखाली अनेक दुखणी येतात आणि प्रत्येकाची गरज वेगळी असते. मणक्यांमधील चकती सरकली असेल किंवा सायटिकाचा त्रास असेल, तर वाकून आणि दीर्घकाळ बसण्याने वेदना वाढते; अशांना कमरेला नीट आधार देणारे आसन हवे. मज्जारज्जूचा मार्ग अरुंद झालेल्या रुग्णांचे उलट असते. त्यांना उभे राहणे, चालणे जड जाते आणि बसल्यावर बरे वाटते. कमरेला पुढे ढकलणारा मोठा उंचवटा मात्र त्यांना बोचतो. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या बाबतीत खरा धोका धक्क्यांचा असतो. गतिरोधकावरून गाडी आदळली, तर मागे बसलेल्या वृद्ध व्यक्तीचा मणका दबून अस्थिभंग होऊ शकतो. पाठदुखीबरोबर गुडघ्याचे दुखणे असेल किंवा खुब्याचा सांधा बदललेला असेल, तर खोल, बुटके आसन सर्वथा टाळावे. आपल्या डॉक्टरांना किंवा भौतिकोपचारतज्ज्ञांना एवढेच विचारावे : "बसताना माझ्या पाठीला कोणती स्थिती मानवते?" त्या उत्तराने निम्मी निवड सोपी होते.

चढणे आणि उतरणे

घरातील ज्या खुर्चीवरून विशेष कष्ट न होता उठता येते, तिची उंची टेपने मोजावी आणि तो आकडा लिहून शोरूममध्ये न्यावा. गाडीच्या आसनाची जमिनीपासूनची उंची त्याच्या जवळपास किंवा थोडी अधिक असावी. आसनाकडे पाठ करून उभे राहिल्यावर त्याची कड गुडघ्याच्या किंचित वर, मांडीला टेकली, तर उंची योग्य समजावी. आसन त्याहून खाली असेल, तर बसताना अंग सोडून द्यावे लागते आणि उठताना कमरेवर ताण येतो. फार उंच असेल, तर चढताना पाय वर ओढावा लागतो. त्यामुळे बुटकी सेडान जशी गैरसोयीची, तशीच पायरी लावून चढावी लागणारी उंच एसयूव्हीदेखील. उंच छताच्या छोट्या गाड्या या दोन्हींमधला मार्ग देतात. १९९८ साली आलेली सँट्रो आणि १९९९ साली आलेली वॅगन-आर यांनी हा घाट आपल्याकडे रूढ केला.

दार किती उघडते, हेही पाहावे. टाटांच्या अल्ट्रोझ आणि पंच या गाड्यांची दारे जवळजवळ ९० अंशांत उघडतात. चालण्याची काठी किंवा वॉकर वापरणाऱ्यांना हे फार उपयोगी पडते. परंतु सोसायटीच्या वाहनतळात दोन खांबांमध्ये गाडी उभी असेल, तर ही सोय वाया जाते. अशा वेळी गाडी आधी मोकळ्या जागेत आणावी, मगच ज्येष्ठांना बसवावे. दाराखालचा उंबरठा रुंद असेल, तर पाय लांब टाकावा लागतो. छत मागे उतरते असेल, तर मागच्या दारातून शिरताना मान आणि कंबर दोन्ही वाकवावी लागतात.

बसण्याची पद्धत सर्वांनीच शिकून घ्यावी. एक पाय आत टाकून कंबर पिळत शिरू नये. आसनाकडे पाठ करावी, हाताने आधार घेऊन आधी काठावर बसावे आणि मग दोन्ही पाय एकत्र उचलून धडासह आत वळावे. उतरताना हाच क्रम उलटा. आसनाला मखमली आवरण असेल, तर कपडे अडकतात आणि वळणे कठीण होते. बसताना प्लॅस्टिकची गुळगुळीत पिशवी अंथरली, तर वळणे सुलभ होते. वळून झाल्यावर ती मात्र काढून टाकावी. आधारासाठी छताजवळची मूठ हवी. उघडे दार धरून उठू नये, कारण ते हलते.

आसन कसे असावे

स्वीडनमधील अस्थिशल्यविशारद आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात मणक्यांमधील चकतीत सुई घालून तेथील दाब प्रत्यक्ष मोजला. उभे राहण्यापेक्षा आधाराविना बसल्यावर तो अधिक आढळला. पाठ मागे कलती ठेवून कमरेच्या खोलगट भागाला आधार दिला, की दाब कमी होतो, असेही पुढील मापनांत दिसले. नंतरच्या संशोधकांना उभे राहणे आणि बसणे यांतील फरक तितका मोठा आढळला नाही. परंतु पुढे वाकून बसणे मणक्याला भारी पडते, हे त्यांच्याही मापनांत दिसले.

यावरून गाडीचे आसन पारखता येते. पाठीचा भाग मांडीशी १०० ते ११० अंशांचा कोन करील, इतका कलता ठेवता यावा. त्याहून फार मागे रेलू नये. धडक बसल्यास शरीर सीटबेल्टखालून पुढे घसरते. आसनाची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटांचे अंतर असावे. सोफ्यासारखे मऊ आसन पहिली पाच मिनिटे सुखावते. नंतर त्यात कंबर खचते. कमरेचा आधार पुढे-मागे करता येत असेल तर उत्तम. नसेल, तर हातरुमालाएवढा टॉवेल गुंडाळून कमरेच्या खोलगट भागात ठेवावा. त्यासाठी महागड्या उशीची आवश्यकता नाही. पुरुषांनी मागच्या खिशातील पाकीट बसण्यापूर्वी काढावे.

धक्के आणि चाके

बसलेल्या माणसाचे धड सेकंदाला साधारणतः ४ ते ६ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांना सर्वांत अधिक प्रतिसाद देते आणि चालत्या वाहनात नेमकी अशी कंपने असतात. म्हणून गाडी कोठे किती हादरते, हे पाहणे अगत्याचे आहे. मागच्या चाकांच्या वरची जागा सर्वाधिक आदळते. सात आसनी गाडीची तिसरी रांग पाठदुखी असणाऱ्यांना कधीही देऊ नये. पुढचे डावीकडचे आसन सहसा सर्वांत सोयीचे, कारण ते सरकवता आणि कलते करता येते. एअरबॅगपासून अंतर राहावे म्हणून ते शक्य तितके मागे घ्यावे.

एकाच गाडीच्या महागड्या आवृत्तीला पुष्कळदा मोठ्या व्यासाची चाके आणि पातळ कडांचे टायर असतात. ते दिसतात देखणे, परंतु खड्ड्याचा धक्का अधिक पोहोचवतात. पाठीच्या दृष्टीने जाड टायरांची आवृत्ती बरी. टायरमधील हवेचा योग्य दाब बहुधा चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेला असतो. त्याहून अधिक हवा भरली, तर चांगली गाडीही बैलगाडीसारखी आदळते.

आपण स्वतः चालवत असाल, तर गिअर आपोआप बदलणारी गाडी घेण्याचा विचार अवश्य करावा. पुण्या-मुंबईच्या कोंडीत क्लच दाबून डावा पाय आणि कंबर थकतात. आसनाची उंची आणि स्टिअरिंगचे अंतर दोन्ही जुळवता यावीत. पेडल पूर्ण दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला असावा आणि स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटिमीटर दूर असावी.

चाचणी अशी घ्यावी

ज्यांची पाठ दुखते, त्यांनाच शोरूममध्ये न्यावे आणि त्या जिथे बसणार, तिथेच बसवावे. त्यांना लागोपाठ पाच वेळा चढू-उतरू द्यावे. पहिल्या वेळी न जाणवलेली अडचण पाचव्या वेळी कळते. गुळगुळीत रस्त्यावरची दहा मिनिटांची फेरी पुरेशी नाही. किमान अर्धा तास, गतिरोधक आणि खराब रस्ता यांवरून गाडी न्यावी आणि निर्णय त्याच दिवशी देऊ नये. दुखणे पुष्कळदा दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते. आणखी एक सोपा उपाय आहे. वॅगन-आर, डिझायर, एर्टिगा, इनोव्हा या गाड्या टॅक्सी म्हणून सर्रास धावतात. मनात असलेली गाडी एका दिवसाच्या प्रवासासाठी भाड्याने घ्यावी. दोन-तीन हजार रुपयांत अनेक वर्षांचा प्रश्न सुटतो.

डिकीही उघडून पाहावी. तिची कड उंच आणि आतली जागा खोल असेल, तर सामान काढताना कंबर वाकून ताण येतो. दीर्घकाळ बसून उतरल्याबरोबर जड बॅग उचलणे हे पाठीला इजा होण्याचे नेहमीचे कारण आहे. आधी पाच मिनिटे चालावे. सामान दुसऱ्या कोणी काढावे.

गाडी कितीही चांगली असली, तरी तासाभराने थांबून थोडे चालणे चुकत नाही. पुण्याहून कोल्हापूरला निघताना मध्ये निदान तीन थांबे धरूनच वेळ ठरवावी, म्हणजे "जरा थांबता का?" असे म्हणण्याची वेळ ज्येष्ठांवर येत नाही.

पायातील शक्ती कमी होणे, मांड्यांच्या आतील भागात बधिरता येणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, ताप येणे किंवा धक्क्यानंतर पाठीत अचानक तीव्र कळ उठणे, यांपैकी काहीही आढळल्यास उशी किंवा आसन बदलून पाहत वेळ घालवू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

नवी गाडी घेणे सर्वांना शक्य नसते. घरात आहे त्या गाडीतही टॉवेलचा आधार, टायरमधील योग्य हवा, पुढचे आसन आणि बसण्याची बरोबर पद्धत एवढे बदल आजच करता येतील. येत्या रविवारी घरातील ज्येष्ठांना जवळच्या देवळापर्यंत किंवा बागेपर्यंत घेऊन जा आणि परतल्यावर त्यांना विचारा, नेमके कोठे दुखले आणि कोणत्या क्षणी. नव्या गाडीची यादी करायची झालीच, तर ती त्या उत्तरापासून सुरू करावी.